आधी पडद्यावर, मग शिरेत

सोलापुरी चादरीवरचा मोर आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाढणारी कॅन्सरची गाठ, दोघांचं मूळ एकाच मागात आहे. जकार्ड माग! फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं मागाला जोडली. भोक आलं की उभा धागा उचलायचा, नाही आलं की सोडून द्यायचा. एवढ्या हो-नाहीतून फुलं, पानं, मोर, काय वाट्टेल ते विणता येऊ लागलं. इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजने हीच कार्डं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. हर्मन हॉलेरिथने अमेरिकेची १८९० ची जनगणना अशाच कार्डांवर मोजली, आणि त्याची कंपनी ज्या कंपनीत सामावली गेली तिचंच नाव पुढे आयबीएम झालं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत खडखडणारा जकार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या घराण्यातला वडीलधारा.

त्याच हो-नाहीच्या हिशेबावर आता शास्त्रज्ञ कॉम्प्युटरमध्ये गाठ वाढवतात, तिच्यावर औषध सोडतात आणि गाठ आटते की उसळी मारते ते बघतात. तेही रुग्णाच्या शिरेत औषधाचा थेंब न सोडता. याला सिम्युलेशन म्हणतात. या विद्येतल्या काही भन्नाट गोष्टी इथे देतोय. त्यातल्या काहींचा पत्ता थेट आपल्या सोलापूर जिल्ह्यातला आहे.

हाताला लागते तेव्हा १०० कोटी

एक घन सेंटिमीटरची गाठ भरते साधारण एक ग्रॅम, आणि तिच्यात ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं करत १०० कोटींवर पोचायला जेमतेम ३० वेळा दुप्पट व्हावं लागतं. तिथून किलोभराची गाठ व्हायला फक्त आणखी १० वेळा! म्हणजे गाठ हाताला लागते तेव्हा तिचा बराचसा प्रवास उरकलेलाच असतो. डॉक्टर लवकर तपासणीसाठी का मागे लागतात, ते या एका गणितात आलं.

खरी गाठ मात्र इतक्या सरळ रेषेत वाढत नाही. लहान असताना झपाट्याने फोफावते, मोठी झाली की रक्तपुरवठा तोकडा पडून मंदावते. हे वळण अचूक पकडणारं सूत्र लंडनच्या बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्येच मांडून ठेवलं होतं, आणि तेही विम्याच्या हिशेबासाठी. वय वाढेल तसा मृत्यूचा धोका कसा चढत जातो, एवढाच त्याचा प्रश्न होता. १९६४ मध्ये अ‍ॅना लेअर्ड यांनी दाखवलं की उंदीर आणि सशांच्या गाठीही याच सूत्राने वाढतात. विम्याच्या हप्त्यांसाठी मांडलेलं गणित आज कॅन्सरच्या कितीतरी सिम्युलेशनच्या पायाशी आहे.

किमोच्या सायकली आल्या कुठून?

'सहा सायकल सांगितल्यात,' असं रुग्णाचे नातेवाईक सांगतात. एका दणक्यात का भागत नाही? १९६४ मध्ये अमेरिकेतल्या हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांच्या रक्ताच्या कॅन्सरवर काम करताना एक साधा नियम मांडला. औषधाचा एक डोस ठराविक संख्येने पेशी मारत नाही, ठराविक प्रमाणात मारतो. एका डोसने ९९.९ टक्के पेशी मेल्या असं धरा. १०० कोटींतल्या उरल्या किती? १० लाख. स्कॅनवर सगळं साफ दिसतं, पण १० लाख पेशी आत दबा धरून बसलेल्या असतात. म्हणून दुसरी सायकल, म्हणून तिसरी. 'रिपोर्ट नॉर्मल आला, आता कशाला पुढचे डोस' असं मनात येतं त्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

१९७७ मध्ये लॅरी नॉर्टन आणि रिचर्ड सायमन यांनी याला गोम्पर्ट्झची जोड दिली. डोसनंतर गाठ लहान झाली की ती पुन्हा वेगाने वाढू लागते. मग दोन सायकलींतली फुरसतच कमी केली तर? कागदावरच्या या गणिताची परीक्षा पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे २,००० स्त्रियांवर झाली. औषधं तीच, डोस तेवढाच. फरक फक्त अंतराचा, तीन आठवड्यांऐवजी दोन. पांढऱ्या पेशी सावराव्यात म्हणून वरून इंजेक्शन. २००३ मध्ये निकाल जाहीर झाला. चार वर्षांनंतर आजार न उलटलेल्या स्त्रिया तीन आठवड्यांच्या गटात ७५ टक्के आणि दोन आठवड्यांच्या गटात ८२ टक्के होत्या. कॅन्सरवरचं नवं औषध नाही, नवं मशीन नाही. केवळ वेळापत्रक बदललं आणि जीव वाचले. मला ही या साऱ्या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

नऊ माणसांचं सूत्र

किमोचा डोस काढताना रुग्णाची उंची आणि वजन घेऊन शरीराचं क्षेत्रफळ काढतात. त्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं ड्युबॉइस सूत्र १९१६ सालचं आहे. ते ज्यांच्या मोजमापांवरून बसवलं, ती माणसं किती? फक्त नऊ!

आता चित्र पालटतंय. शेकडो रुग्णांच्या रक्तात औषध किती चढलं, किती वेळात उतरलं, याच्या नोंदी कॉम्प्युटरला देतात आणि हजारो कल्पित रुग्णांवर वेगवेगळे डोस चालवून पाहतात. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आधी किलोमागे ३ मिलिग्रॅम दिलं जायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सरसकट २४० मिलिग्रॅमला मान्यता दिली, ती मुख्यतः अशा हिशेबांच्या जोरावर. एप्रिल २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब हे तशाच प्रकारचं औषध तीनऐवजी सहा आठवड्यांनी द्यायला परवानगी मिळाली, तीही प्रामुख्याने मॉडेलिंगवर. कोव्हिडच्या त्या दिवसांत दवाखान्याची एक खेप वाचणं म्हणजे काय, हे किमो वॉर्डात बसलेल्यांना विचारा.

पण आपल्या मातीत त्याहून मोठी उडी मारली गेली. अगदी थोड्या डोसलाही निव्होलुमॅब प्रतिकारपेशींवरच्या आपल्या जागा व्यापून टाकतं, असं सुरुवातीच्या अभ्यासांत दिसलं होतं. मग एवढं महागडं औषध एवढं भरभरून द्यायचं कशाला? मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड-घशाच्या बळावलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर चाचणी घेतली. अर्ध्यांना तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त गोळ्या, उरलेल्या अर्ध्यांना त्याच गोळ्या आणि तीन आठवड्यांतून एकदा निव्होलुमॅब, फक्त २० मिलिग्रॅम. रूढ डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी! २०२२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. वर्षभराने हयात असलेल्यांचं प्रमाण गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, गोळ्या अधिक २० मिलिग्रॅमच्या गटात ४३.४ टक्के. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने पोखरलेल्या आपल्या भागाला या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको.

पडद्यावर गाठ वाढवतात कशी?

जरा जवळून बघू. पडद्यावर शेकडो गोल ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी आणि प्रत्येकीला थोडेच नियम. ऑक्सिजन पुरेसा मिळाला तर दुभंग. कमी पडला तर थांब. फारच कमी पडला तर मर. शेजारी जागा नसेल तर ढकल, ढकलता येत नसेल तर गप्प बस. मधूनमधून लाल रेघा, त्या रक्तवाहिन्या. घड्याळ सुरू केलं की ठिपके भराभर वाढतात आणि थोड्याच वेळात मधोमध काळा डाग पडतो. मेलेल्या पेशींचा गाभा.

हा गाभा कुणी मुद्दाम रंगवलेला नाही, तो नियमांतून आपोआप उमटतो. १९५५ मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यांना नेमकं हेच दिसलं होतं. रक्तापासून मिलिमीटरच्या दोन-दशांश अंतरापर्यंतही पेशी तग धरत नाहीत, कारण ऑक्सिजन तिथवर झिरपतच नाही. आता रक्तवाहिनीतून औषध सोडा. काठावरच्या पेशी पटापट विझतात. पण गाभ्याच्या कडेला ऑक्सिजनविना सुस्तावलेल्या पेशी असतात. तिथं औषध पोचतं कमी, आणि बहुतेक किमो दुभंगणाऱ्या पेशींवरच नेम धरते. वरचा थर मेला की यांना ऑक्सिजन मिळतो, त्या जाग्या होतात आणि गाठ पुन्हा उभी राहते. प्रयोगशाळेत प्रभावी ठरलेलं औषध शरीरात का फसतं, त्याचं एक कारण असं डोळ्यांसमोर घडताना दिसतं.

हे सारं करायला महासंगणकच लागतो असंही नाही. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या पॉल मॅकलिन यांच्या गटाने २०१८ मध्ये फिजिसेल नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. लाखो पेशींची गाठ साध्या डेस्कटॉपवर चालते. अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या किंवा वालचंदच्या एखाद्या हुशार मुला-मुलीने या सुट्टीत हे उतरवून घ्यावं, असं मनापासून वाटतं.

बोंडअळीने शिकवलेला धडा

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातला कापूस खाऊन टाकला, ते शेतकरी विसरलेले नाहीत. बीटी कापसाभोवती थोडा बिगर-बीटी कापूस लावायचा असतो, त्यासाठी पाकिटासोबत वेगळी पुडीही यायची. कारण सरळ आहे. विषाला दाद देणाऱ्या अळ्या थोड्या जिवंत राहिल्या तर निगरगट्ट अळ्यांना रान मोकळं मिळत नाही. अनेकांनी ती पुडी पेरलीच नाही, आणि निगरगट्ट अळीचंच राज्य आलं.

अमेरिकेत फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरच्या रॉबर्ट गेटनबी यांनी २००९ मध्ये अशाच किडीचा दाखला देऊन कॅन्सरबद्दल प्रश्न विचारला. त्यांची कीड कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग होती, पण मुद्दा हाच. जास्तीत जास्त औषध मारून दाद देणाऱ्या सगळ्या पेशी संपवल्या की मागे उरतात त्या फक्त औषधाला न जुमानणाऱ्या, आणि त्यांना स्पर्धकच उरत नाही. गेटनबींच्या गटाने गणिती मॉडेलवर वेगळी चाल खेळून पाहिली आणि मग ती प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर आणली. पीएसए, म्हणजे या कॅन्सरचा रक्तातला निर्देशांक, निम्म्यावर आला की औषध बंद. तो वाढून मूळ पातळीवर आला की पुन्हा सुरू. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षात ११ रुग्ण होते. त्यांना एरवीच्या निम्म्याहून कमी औषध लागलं आणि आजार नेहमीपेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिला. ११ म्हणजे मूठभर माणसं, मोठ्या चाचण्यांशिवाय हा उपाय कुणी आपल्या मनाने करू नये. पण शेतातल्या किडीचं शास्त्र किमो वॉर्डात पोचलं, हे केवढं थोर!

बार्शीच्या नोंदवह्या

सिम्युलेशनला खायला आकडे लागतात. कुणाला, कोणत्या वयात, कुठला कॅन्सर होतो? सापडतो केव्हा? माणूस पुढे किती जगतो? शहरातले आकडे दवाखान्यात मिळतात, खेड्यातला माणूस मात्र पूर्वी दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हता. भारतातली लोकसंख्येवर आधारलेली पहिली कॅन्सर नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत सुरू झाली. आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली? १९८७ मध्ये, आपल्या सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला.

बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं. रुग्ण येईल म्हणून वाट बघत बसले असते तर वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या. म्हणून कार्यकर्तेच गावोगाव गेले. चावडीवर बसून बोलले, लक्षणं समजावून सांगितली. अंगावरून पांढरं जातंय, मधेच रक्त दिसतंय, तोंडातला फोड बरा होत नाही, अशी कुणी बाई-बुवा आहे का, हे विचारत फिरले, आणि संशयितांना नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात तपासणीला आणलं. डॉ. भगवान नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत यांची नावं या कामाशी कायमची जोडलेली आहेत. याचं आणखी एक फळ मिळालं. नोंदणीसाठी झालेल्या या बोलण्यामुळेच गर्भाशयमुखाचा कॅन्सर आधीच्या टप्प्यावर सापडू लागला. आकडे गोळा करता करता माणसं वाचली.

पुढची मजल त्याहून मोठी. २००५ मध्ये हार्वर्डच्या स्यू गोल्डी आणि सहकाऱ्यांनी भारतासह पाच देशांसाठी कॉम्प्युटर मॉडेल चालवलं. आयुष्यात एकदाच, पस्तिशीच्या आसपास, साधी नजरेने केलेली किंवा एचपीव्ही या विषाणूची तपासणी केली तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका २५ ते ३६ टक्क्यांनी घटेल, असं उत्तर आलं. ही झाली पडद्यावरची गोष्ट. प्रत्यक्षात बार्शीच्या आणि टाटाच्या डॉक्टरांनी लगतच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासूनच काम सुरू केलं होतं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया! २००९ मध्ये निष्कर्ष आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तोवर जगात कुठेही एवढ्या थेट पुराव्याने ही गोष्ट दाखवली गेली नव्हती.

तिसरी गोष्ट लसीची. गाठीवरच्या औषधाची नव्हे, पण गाठ होऊच नये यासाठीची. एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहायला २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला. त्यात मुंबई, पुणे आणि पुन्हा बार्शी. एप्रिल २०१० मध्ये सरकारने देशातल्या एचपीव्ही लसीच्या चाचण्या थांबवल्या आणि हजारो मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहाएक वर्षांनी, २०२१ मध्ये दिसलं की विषाणूच्या १६ आणि १८ या दोन मुख्य प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या घरात संरक्षण मिळतं. २०२२ मध्ये हेच आकडे कॉम्प्युटर मॉडेलला देऊन, एकच डोस दिला तर भारतात पुढच्या काळात काय घडेल, याचा हिशेब लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत छापून आला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला. जगभरातल्या मुलींच्या दंडावरची एक सुई वाचली, त्यात बार्शी भागातल्या मुलींचा वाटा आहे. ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे, आणि जिल्ह्यात ती फारच थोड्यांना ठाऊक आहे.

पुण्याच्या कमलताई

पडद्यावरच्या पेशीला वाढीचा वेग द्यावा लागतो, कोणत्या औषधाला किती पेशी मरतात तेही सांगावं लागतं. हे आकडे येतात बशीत वाढवलेल्या खऱ्या पेशींकडून. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली आणि मग बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत काम केलं. हे तेच गे, ज्यांनी १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून जगप्रसिद्ध हेला पेशी वाढवल्या. परत येऊन कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरातल्या संशोधकांना पेशी पुरवल्या जातात.

पटापट तीन

रेणूंच्या हालचाली कॉम्प्युटरवर चालवून दाखवणाऱ्या कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल यांना २०१३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रथिनांचे आकार ओळखणारे आणि घडवणारे प्रोग्रॅम तयार करणाऱ्यांना २०२४ मध्ये तेच.

पुण्याच्या सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये उभा केला. पुढच्या परम यंत्रांवर औषधांचे रेणू आणि प्रथिनं यांची झटापट चालवून पाहिली जाते.

अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांना कॉम्प्युटर मॉडेलसारखे पर्याय मोकळे केले. २०२३ मध्ये भारतानेही आपल्या नियमांत तशी वाट काढली.

कुणाची गाठ कॉम्प्युटरला ठाऊक आहे?

इथे थोडं थांबून बोलायला हवं. जगातल्या कॅन्सरच्या बड्या माहितीसाठ्यांत गोऱ्या रुग्णांचं प्रमाण फार मोठं आहे. आपल्याकडे गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत, जिथं तंबाखूची गोळी ठेवतात तिथं होणारा कॅन्सर भरपूर. तिकडे तो कमी. नवी मुंबईचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आणि बंगालमधल्या कल्याणीची जनुकशास्त्र संस्था यांनी मिळून या कॅन्सरच्या जनुकांचा नकाशा काढला, तेव्हा, २०१३ मध्ये, आधी ठाऊक नसलेले काही जनुकीय बिघाड सापडले. आपल्याच गाठी तपासल्या नसत्या तर ते कुणाच्या कॉम्प्युटरमध्ये गेलेच नसते. पुण्यातून चालणाऱ्या इंडियन कॅन्सर जीनोम अ‍ॅटलसने आता स्तनाच्या कॅन्सरच्या ५० भारतीय रुग्णांच्या डीएनए, आरएनए आणि प्रथिनांची माहिती संशोधकांना खुली केली आहे. ५० हा आकडा लहान आहे, पण कुठून तरी सुरुवात झाली.

माझं मत स्पष्ट आहे. आज तुमच्या डॉक्टरांनी किमो लिहून दिली तर ती बायोप्सी, स्टेज आणि मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष पाहून दिलेली असते, आणि ते योग्यच आहे. कॉम्प्युटर अजून एकेका रुग्णाची गाठ पाहून छातीठोकपणे औषध सांगू शकत नाही. कुणी तसं सांगून पैसे मागत असेल तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. डोस ठरवणं, वेळापत्रक बसवणं, चाचणीची आखणी, तपासणीचं नियोजन, इथे मात्र सिम्युलेशनने आपली लायकी सिद्ध केली आहे.

तेव्हा दोन कामं लगेच करा. घरात कुणाची बायोप्सी झाली असेल तर लॅबमधून पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, रिपोर्टसकट फाइलला लावा आणि उन्हापासून लांब, थंड जागी ठेवा. ब्लॉक नीट राहिला तर वर्षांनीही त्यावर नवी तपासणी होऊ शकते. घरात तीस ओलांडलेली बाई असेल आणि गर्भाशयमुखाची तपासणी कधीच झाली नसेल, तर या आठवड्यात सिव्हिलला किंवा बार्शीला घेऊन जा.